चिरिकावाच्या सुळक्यांमध्ये हिवाळ्यातला एक दिवस

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अ‍ॅरिझोनातील चँडलर येथे एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. तेथे माझ्याच वयाच्या तीन जणींनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. गुडघा दुखत असताना, मुलांकडे व्हिसावर पाहुणे म्हणून आलेले असताना आणि ऐन थंडीत तुम्ही चिरिकावाच्या डोंगरात पंधरा किलोमीटर चालायला कशा गेलात, असा तो प्रश्न होता. वाण हातात घेऊन दारात उभ्याउभ्या त्याचे नीट उत्तर देता आले नाही. महाराष्ट्रातून मुलांकडे येणाऱ्या इतर आईवडिलांनाही हेच प्रश्न पडत असतील, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

मी नाशिकची. वय ६१. तरुणपणी हरिहर, रामशेज, साल्हेर, कळसूबाई अशा वाटा पुष्कळ तुडवल्या, पण गेल्या नऊ वर्षांत मोठी चाल झालेली नव्हती आणि उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुलगी फोनवर म्हणाली, “आई, या वेळी तुला दगडांचे रान दाखवते.” तिच्या घरापासून मोटारीने साडेतीन-चार तासांवर, अ‍ॅरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात, चिरिकावा नावाचे राष्ट्रीय स्मारक, म्हणजे सरकारने राखलेला निसर्गप्रदेश, आहे. सपाट, कोरड्या वाळवंटातून एकाएकी डोंगररांग उठते आणि तिच्या माथ्यावर हजारो दगडी सुळके एकमेकांना खेटून उभे आहेत, असे तिने वर्णन केले. छायाचित्रे पाहिल्यावर मला जावेसे वाटले आणि त्याच रात्री भीतीही वाटू लागली.

पहिली फेरी अर्थातच अस्थिरोगतज्ज्ञांकडे झाली. त्यांनी चालण्याला नकार दिला नाही. चढाची काळजी करू नका, उताराची करा, एवढेच सांगितले आणि फिजिओथेरपी लिहून दिली. सहा आठवड्यांत बारा बैठका झाल्या. प्रत्येकी ४०० रुपयांप्रमाणे ४,८०० रुपये लागले. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम रोज आणि आठवड्यातून दोनदा पांडवलेण्याच्या पायऱ्या, असा क्रम ठेवला. पायऱ्या चढताना काहीच होत नसे, पण उतरताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येई. ती कोणत्या वेगाने उतरल्यावर येते आणि किती वेळाने थांबते, हे मी एका वहीत लिहून ठेवू लागले. पुढे डोंगरात निर्णय घेण्याची वेळ आली तेव्हा या वहीचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

दुसरी फेरी कागदपत्रांची. प्रवासविम्याच्या अटी बारीक अक्षरांत असतात आणि ‘साहसी क्रीडाप्रकार’ वगळलेले असतात. डोंगरातले चालणे त्यात मोडते की नाही, हे तोंडी विचारून उपयोग नाही. मी विमा कंपनीला ई-मेल केला आणि चौथ्या दिवशी लेखी उत्तर आले. आखलेल्या पायवाटेवरचे चालणे विम्यात येते, दोर लावून केलेले आरोहण येत नाही आणि आधीपासून असलेल्या गुडघ्याच्या दुखण्यावरचा नेहमीचा उपचार कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट होते. म्हणजे पडून हाड मोडले तर विमा होता, पण गुडघा सुजला तर खर्च आपला. हे माहीत असणे बरे असते. ते उत्तर छापून पासपोर्टसोबत ठेवले.

१८ डिसेंबरला मी चँडलरला पोहोचले. देशात प्रवेश केल्याची नोंद, जिला तेथे आय-९४ म्हणतात, ती आता कागदावर हाती मिळत नाही. सरकारी संकेतस्थळावरून आपली आपणच छापून घ्यावी लागते. मुलीने पहिल्याच आठवड्यात तिच्या दोन प्रती काढल्या. तेव्हा मला हे अनावश्यक वाटले होते, परंतु चिरिकावा मेक्सिकोच्या सीमेपासून फार दूर नाही आणि त्या भागातील काही रस्त्यांवर सीमा गस्ती दलाच्या चौक्या आहेत. १८ वर्षांवरील परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, असा तेथील कायदाच आहे.

जानेवारीत आम्ही नकाशा पसरून वाट ठरवायला बसलो. एको कॅन्यनच्या वाहनतळापासून ३.३ मैलांचे, म्हणजे सुमारे सव्वापाच किलोमीटरचे छोटे वर्तुळ आहे. तेथूनच निघणारे मोठे वर्तुळ साडेनऊ मैलांचे, म्हणजे पंधरा किलोमीटरहून थोडे अधिक आहे आणि सर्वांत विलक्षण सुळके असलेला ‘हार्ट ऑफ रॉक्स’ हा भाग त्याच्या पलीकडच्या टोकाला येतो. आपल्याकडे गडाच्या पायथ्याशी गाडी लावायची, दमून माथा गाठायचा आणि मग उतरायचे, अशी सवय असते. येथे गाडीच माथ्यावर जाते. वाहनतळ सुमारे ६,८०० फुटांवर आहे आणि आपले कळसूबाई ५,४०० फुटांचे आहे. कळसूबाईच्या माथ्याइतकी उंची येथे जेमतेम खालच्या माहिती केंद्राची आहे. म्हणजे दिवसाची सुरुवात उताराने होते आणि मोठा चढ दमल्यावर, शेवटी येतो. ज्याचा गुडघा उताराला कुरकुरतो त्याने हे नकाशावरच समजून घ्यावे.

आम्ही वर्तुळाची दिशा याच विचाराने निवडली. एड रिग्ज, मशरूम रॉक आणि बिग बॅलन्स्ड रॉक या वाटांनी गेल्यास हार्ट ऑफ रॉक्स सुमारे पावणेपाच किलोमीटरवर येते आणि तोवरची वाट बरीचशी धारेच्या अंगाने जाते. खरा दीर्घ उतार त्यानंतर सुरू होतो. म्हणून हार्ट ऑफ रॉक्स ही आमची निर्णयाची जागा ठरली. बारा वाजेपर्यंत तेथे पोहोचलो नाही किंवा गुडघ्याने वहीत नोंदलेल्या दुखण्याच्या पायऱ्यांपैकी ‘तिसरी पायरी’ दाखवली, तर आल्या वाटेने परतायचे. मुलीने हे लिहून त्याखाली दोघींच्या सह्या घेतल्या. सूर्यास्त सहाच्या थोडा आधी होणार होता, त्यामुळे वेळ मर्यादित होता.

२२ तारखेच्या आठवड्यात त्या भागात पाऊस आणि वरच्या उंचीवर बर्फ पडल्याचे कळल्यावर बुधवारी मुलीने माहिती केंद्राला फोन केला. रस्ता खुला आहे, उन्हातल्या वाटा कोरड्या आहेत, मात्र सावलीतल्या भागात गोठलेला बर्फ आहे, असे उत्तर मिळाले. त्याच संध्याकाळी बुटांवर चढवायचे साखळी-काटे दोघींसाठी ७६ डॉलरना आणि माझ्यासाठी हातकाठ्यांची जोडी ४२ डॉलरना घेतली. काठ्यांची उंची उतारासाठी पाच-सात सेंटिमीटर वाढवून घ्यायची असते, हे दुकानातच शिकून घेतले.

शुक्रवार, २६ जानेवारी रोजी दुपारी तिचे काम संपल्यावर आम्ही निघालो. जावई आणि नात घरीच राहिले. टूसॉनच्या पुढे टेक्सस कॅन्यन नावाच्या खिंडीत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे गोल धोंडे रचून ठेवल्यासारखे दिसतात. मला वाटले हेच ते, परंतु तो दगड वेगळा आणि त्याची जन्मकथाही वेगळी. रात्री विलकॉक्स या छोट्या गावात मोटेलमध्ये उतरलो. दोन रात्रींचे करासह १८८ डॉलर झाले. स्मारकाच्या हद्दीत पेट्रोल मिळत नाही आणि खाण्याचे दुकानही नाही, त्यामुळे टाकी विलकॉक्समध्येच भरून घ्यावी. जेवणाचा प्रश्न आम्हाला नव्हता. संक्रांतीच्या गूळपोळ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच बांधून आणली होती. गूळपोळी थंडीत कडक होते, पण खिशात ठेवली तर खाण्याजोगी राहते.

शनिवारी सकाळी सहा वाजता गाडीच्या काचेवर बर्फाची साय धरली होती आणि तापमान उणे तीन अंश होते. गाडीत राहिलेल्या बाटलीचे तोंड गोठून बंद झाले होते. बाटल्या पिशवीत उलट्या ठेवाव्यात, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळे राहते, हे मुलीला माहीत होते, मला नव्हते. प्रत्येकी तीन लिटर पाणी घेतले, कारण वाटेवर पिण्याचे पाणी कोठेही नाही.

विलकॉक्सपासून सुमारे ३६ मैलांवर प्रवेशद्वार आहे. प्रवेशशुल्क नाही. माहिती केंद्र साडेआठला उघडले. तेथील रेंजरबाईंनी आमचे बूट पाहिले, पाणी किती घेतले ते विचारले आणि नकाशावर पेनाने दोन जागी खुणा केल्या. त्या दोन्ही जागा बर्फाच्या होत्या. काही दिवशी येथून चालणाऱ्यांना वर सोडणारी गाडी असते, तिची चौकशी मात्र आधी फोनवर करून घ्यावी. आम्हाला वर्तुळ पूर्ण करून वाहनतळावरच यायचे असल्याने तिची गरज नव्हती. आत मोबाइलला रेंज नसते. आम्ही कोणत्या वाटेने जाणार आणि सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हे जावयांना लिहून दिले होते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी चालायला सुरुवात केली. पहिल्या अर्ध्या तासात माझे बोटांकडे आणि गुडघ्याकडे इतके लक्ष होते की आजूबाजूला पाहिलेच नाही. मग ऊन आले. मँझनिटा नावाच्या झुडपांच्या गुळगुळीत तांबड्या फांद्या चमकू लागल्या. मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची साल असलेला एक ज्युनिपर वृक्ष दिसला, त्याला तेथे अ‍ॅलिगेटर ज्युनिपर असेच म्हणतात. वाटेत काही ठिकाणी जळून काळे पडलेले बुंधे अजून उभे आहेत. २०११ मध्ये या डोंगररांगेत मोठा वणवा लागला होता, त्याची ती खूण.

वळणावर दरीची पलीकडची बाजू एकदम उघडी झाली आणि मी थांबले. सुळक्यांच्या रांगांमागे रांगा, प्रत्येक सुळका आडव्या भेगांनी कापलेला, काहींच्या डोक्यावर सैल ठेवल्यासारखा धोंडा. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना हे ओळखीचेही वाटते आणि परकेही. आपला कातळ म्हणजे भेगांतून वाहत येऊन थरावर थर साचलेला बेसॉल्टचा लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. चिरिकावाचा दगडही ज्वालामुखीचाच, पण तो वाहत आला नाही. सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी जवळच्या टर्की क्रीक ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि तापलेल्या राखेचे लोट जमिनीलगत धावत येऊन येथे साचले. ती राख स्वतःच्याच उष्णतेने आणि भाराने वितळून घट्ट जुळली आणि ऱ्हायोलाइट टफ हा दगड तयार झाला. थंड होताना त्याला उभ्या भेगा पडल्या. त्या भेगांत पाणी शिरते, रात्री गोठते, फुगते आणि दगड कणाकणाने उकलत जातो. हे मी आधी वाचले होते, पण त्या सकाळी एका सुळक्याच्या भेगेत बोटभर जाडीचा स्वच्छ बर्फ प्रत्यक्ष पाहिला. ऊन लागून त्याच्या कडेने थेंब गळत होते. ज्या क्रियेने ही सारी शिल्पे घडली ती माझ्या समोर, हाताच्या अंतरावर चालू होती. या वाटेवर हिवाळ्यात यावे असे मी सांगते, ते मुख्यतः एवढ्याचसाठी.

बिग बॅलन्स्ड रॉकजवळ वाट अगदी त्याच्या पायाशी जाते. सुमारे एक हजार टन वजनाचा तो धोंडा अरुंद बुडावर उभा आहे. मुलीने छायाचित्र काढायला सांगितले तेव्हा त्याच्या सावलीत उभे राहताना मी नकळत हात जोडले.

अकरा चाळीसला हार्ट ऑफ रॉक्सच्या फाट्यावर पोहोचलो. येथील आतले छोटे वर्तुळ दीड-पावणेदोन किलोमीटरचेच आहे, पण त्यात दगडी पायऱ्या, अरुंद बोळ आणि सतत चढउतार आहेत, त्यामुळे तास-सव्वा तास हाताशी ठेवावा. सुळक्यांना नावे दिली आहेत आणि बहुतेकांच्या जवळ पाटी आहे. उंटाचे डोके, दगडावरचे बदक, थॉरचा हातोडा, समोरासमोर तोंड करून बसलेले, इंग्रजी कठपुतळ्यांच्या खेळातले ‘पंच’ आणि ‘जूडी’. आम्ही आमची नावेही ठेवली. एका सुळक्यात नाशिकच्या बाजारातली टोपली घेतलेली बाई मला स्पष्ट दिसली, मुलीला ती दिसेना. एका उन्हाच्या खडकावर बसून जेवलो. निळ्या-करड्या रंगाचे ‘मेक्सिकन जे’ नावाचे पक्षी कलकलाट करीत चार हातांवर आले, पण त्यांना काही घालू नये, असा नियम आहे आणि तो आम्ही पाळला.

एक वाजून दहा मिनिटांनी वही काढली. गुडघा दुसऱ्या पायरीवर होता, म्हणजे कळ होती, पण थांबल्यावर दोन मिनिटांत जात होती. पुढे सारा डेमिंग वाटेचा अडीच किलोमीटरचा उतार होता. मुलगी म्हणाली, “आई, परत फिरलो तरी मला काही वाटणार नाही.” तिने हे मनापासून म्हटले, म्हणूनच मला शांतपणे विचार करता आला. आम्ही उतरायचे ठरवले.

त्या उतारातील पहिली वीस मिनिटे दिवसातील सर्वांत कठीण होती. उत्तरेकडच्या सावलीत वाट दिवसचे दिवस ऊन न पाहिलेल्या बर्फाने झाकली होती. वितळून पुन्हा गोठल्याने तो काचेसारखा झाला होता. एका बाजूला दरी होती. काटे चढवण्यासाठी बसायला जागा नव्हती आणि बोटे बधिर झाल्याने रबरी पट्टा टाचेवर चढेना. माझा एक पाय घसरला आणि मी काठीवर तोलून कशीबशी उभी राहिले. छाती धडधडत होती आणि मला खरोखर रडू आले. काटे बर्फ दिसण्याआधी, उन्हात, सपाट जागी बसून चढवावेत, ही या साऱ्या लिखाणातली सर्वांत महत्त्वाची सूचना समजावी. काटे चढल्यावर मात्र पाय घट्ट धरू लागले. प्रत्येक पावलाला आधी दोन्ही काठ्या, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, असा क्रम फिजिओथेरपिस्टने शिकवला होता, तोच मोजत उतरले. अडीच किलोमीटरला एक तास पंचवीस मिनिटे लागली.

दरीच्या तळाशी सायप्रस आणि पाइनची उंच झाडे आहेत. वाटेला खालून आधार देणारे दगडी बांध तेथे नीट पाहता येतात. चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेले हे बांध १९३४ ते १९४० या काळात येथे काम करणाऱ्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या तरुणांनी घातले. महामंदीत बेरोजगार झालेल्या मुलांना सरकारने दिलेले ते काम होते. आमची सकाळची वाट ज्यांच्या नावाची होती ते एड रिग्ज हे येथल्याच फार-अवे रँचचे रहिवासी. वाटांच्या आखणीत आणि बांधणीत त्यांचा मोठा वाटा होता. नव्वद वर्षांपूर्वी कोणा अनोळखी मुलाने बसवलेल्या दगडावर माझा दुखरा पाय विश्वासाने टेकत होता, याची मला त्या तासाभरात सारखी जाणीव होती.

साडेतीनला शेवटच्या फाट्यावर आलो आणि एको कॅन्यनचा चढ सुरू झाला. चढाला गुडघा शांत होता, पण श्वास पुरत नव्हता. शंभर पावले आणि थांबा, शंभर पावले आणि थांबा, असे चाललो. ही वाट वरच्या भागात दोन सरळ भिंतींमधल्या बोळातून आणि पोकळ खडकांच्या कमानींमधून जाते. तेथेही बर्फ होता, या वेळी काटे वेळेवर चढवले होते. चार पंचावन्नला वाहनतळावर पोहोचलो. बसता आले नाही, कारण बसले असते तर उठता आले नसते, म्हणून गाडीला टेकून उभ्यानेच उरलेली गूळपोळी खाल्ली.

तेथून गाडीने दोन-तीन मिनिटांवर मसाई पॉइंट आहे. मसाई हा अपाची या मूळ अमेरिकी जमातीच्या चिरिकावा गटातला होता. १८८६ मध्ये अपाची लढवय्या जेरोनिमो याच्या शरणागतीनंतर या जमातीला युद्धकैदी म्हणून आगगाडीने फ्लॉरिडाला धाडण्यात आले, तेव्हा तो गाडीतून निसटला आणि शेकडो मैल चालत आपल्या डोंगरांत परतला, असे सांगतात. समोरच्या डोंगराची आकाशरेषा आडव्या मानवी चेहऱ्यासारखी दिसते, तिला अपाचींचा नेता कोचीस याचे नाव आहे. ज्यांचा हा मुलूख होता त्यांची नावे आज डोंगरांना आहेत आणि ते लोक येथून नेले गेले. सूर्य मावळेपर्यंत आम्ही दोघी तेथे फारसे बोललो नाही. सव्वासहाला निघालो. विलकॉक्सच्या वाटेवर रेंज येताच जावयांना फोन केला.

रविवारी गुडघा सुजलेला होता, पण चालता येत होते. परतीला थोडा वळसा घेऊन व्हाइटवॉटर ड्रॉ येथील पाणथळ पाहिली. हिवाळ्यात सँडहिल क्रौंच हजारोंच्या संख्येने तेथे उतरतात. पहाटे चरायला गेलेले थवे अकराच्या सुमारास परतू लागले. आधी आवाज येत होता, मग क्षितिजावर रेघा दिसू लागत होत्या. मला नांदूर मध्यमेश्वरच्या सकाळी आठवल्या. व्हाइटवॉटर ड्रॉला वाहनतळापासून पाण्यापर्यंत सपाट वाट आहे, त्यामुळे दुखऱ्या पायांनाही जमते.

टूम्बस्टोनच्या उत्तरेला सीमा गस्ती दलाच्या चौकीवर गाडी थांबवावी लागली. अधिकाऱ्याने नागरिकत्व विचारले, दोघींचे पासपोर्ट, मुलीची कामाच्या व्हिसाची कागदपत्रे आणि माझी आय-९४ पाहिली, किती दिवस राहणार ते विचारले आणि दोन मिनिटांत जाऊ दिले. कागद पिशवीच्या तळाशी असते तर माझीच घालमेल झाली असती. पासपोर्टची मूळ प्रत हाताशी ठेवावी. पेट्रोलचा दोन्ही वेळचा खर्च ६२ डॉलर आला.

सूज उतरायला चार दिवस लागले. बर्फाने शेकणे, पाय उशीवर ठेवणे आणि पाचव्या दिवसापासून पुन्हा हलके व्यायाम, एवढेच केले, डॉक्टरकडे जावे लागले नाही. हातकाठ्या मी परत जाताना नाशिकला नेणार आहे. टोकदार काठ्या विमानात हातसामानात नेऊ देत नाहीत, म्हणून त्यांची टोके रबरी टोपणांनी झाकून त्या मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांमध्ये आताच बांधून ठेवल्या आहेत.